डावी पुढची काच वर चढेना: पॉवर विंडो दुरुस्तीच्या नोंदी

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, स्टिअरिंग अर्थातच उजवीकडे, चारही काचा बटणावर. ऑटो-डाउन (एकदा बटण दाबून सोडलं की काच आपोआप पूर्ण खाली) फक्त चालकाच्या काचेला, ऑटो-अप कुठल्याच काचेला नाही. काच वर-खाली करणारी यंत्रणा, म्हणजे रेग्युलेटर, केबलवाला: मोटर, तिच्या तोंडावर ड्रम, वर-खाली प्लास्टिकच्या पुल्या आणि मधल्या पट्टीवर सरकणारा काचेचा सरकता धारक. चारही काचांना मिळून एकच ३० अँपिअरचा फ्यूज आणि एक रिले (विजेवर चालणारा स्विच).

८ जून २०२४, शनिवार

तक्रार: डावी पुढची काच खाली झटकन जाते, वर येताना रेंगाळते आणि पाऊण वाटेवर थांबते. दोन्ही तळव्यांनी काच वर ढकलली की चढते. पाऊस लागला की त्रास वाढतो. दार अर्धवट उघडं ठेवून बटण दाबलं तर कधीमधी एकदम चांगली चालते. गॅरेजचा सल्ला, "मोटर वीक झालीय, मशीनसकट बदलून टाका."

या सल्ल्यात शेवटची गोष्ट धरलेली नाही. मोटरचे कार्बन (आतले ब्रश) झिजले असतील तर काच दोन्ही दिशांना आणि दोन्ही बटणांवरून सारखीच मंदावेल. दार किती उघडं आहे याचा मोटरला पत्ता नसतो, कारण मोटर दाराबरोबरच फिरते. दाराच्या कोनावर काहीतरी अवलंबून असेल तर ते बिजागरीपाशी आहे. बिजागरीपाशी असतात फक्त वायरी.

काहीही उघडण्याआधी सर्किट डोक्यात नीट बसवून घेतलं. डाव्या दारातल्या स्विचला पाच वायरी येतात. एक नंबर म्हणजे रिलेकडून येणारा पॉझिटिव्ह. दोन आणि तीन मोटरला जातात. चार आणि पाच उजव्या दारातल्या मुख्य स्विचकडे जातात. डाव्या स्विचला कुणी हात लावलेला नसताना दोन नंबर चारला आणि तीन नंबर पाचला जोडलेला असतो. मुख्य स्विचलाही हात लावलेला नसेल, तर तिथे चार आणि पाच दोन्ही अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला, जोडलेले असतात. म्हणजे एरवी मोटरची दोन्ही टोकं अर्थवर बसलेली. बटण दाबलं की एक टोक अर्थवरून उठून पॉझिटिव्हला जातं, दुसरं तिथेच राहतं.

ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की डाव्या दारातलं बटण दाबलं तरी डाव्या मोटरचा अर्थ उजव्या दारातल्या मुख्य स्विचमधूनच परततो. डावी काच बिघडली म्हणून फक्त डावं दार उघडून बसणारे इथेच फसतात.

आता हिशोब. डाव्या बटणाने वर नेताना करंट एक नंबरने येतो आणि पाच नंबरने परततो. डाव्या बटणाने खाली नेताना एकने येतो, चारने परततो. मुख्य बटणावरून काम केलं तर दिशा कुठलीही असो, चार आणि पाच दोन्ही वापरले जातात. म्हणजे एक नंबर खराब असेल तर डाव्या बटणाच्या दोन्ही दिशा खराब आणि मुख्य बटणाच्या दोन्ही चांगल्या. पाच नंबर खराब असेल तर फक्त एकच दाब चांगला: डाव्या बटणाने खाली.

इंजिन चालू, मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर चारही दाबांची वेळ घेतली:

डाव्या बटणाने खाली: ३.९ सेकंद
डाव्या बटणाने वर: सुमारे १२ सेकंद, हाताने आधार देऊन
मुख्य बटणाने खाली: ५ सेकंद
मुख्य बटणाने वर: सुमारे १३ सेकंद, तेही आधार देऊन

तुलनेसाठी उजवी काच: वर ३.८, खाली ३.५.

तिसरी ओळ महत्त्वाची. खाली जाताना काचेचं वजन मदतीला असतं, त्यामुळे 'खाली जाते ना, मग ठीक आहे' असं म्हणून सगळे पुढे जातात. पण तीच काच, तीच दिशा, तीच मोटर आणि बटण बदललं तर एक सेकंदाहून जास्त फरक. घड्याळ न लावता हे दिसत नाही. संशय पाच नंबरच्या वायरवर, किंवा मुख्य स्विचमधल्या तिच्या कॉन्टॅक्टवर. अजून एक स्क्रूही काढलेला नाही.

फ्यूज काढून पाहिला. पाती स्वच्छ, वितळल्याची खूण नाही.

९ जून, रविवार

डावं डोअर पॅड काढलं. आतल्या हँडलच्या वाटीमागे एक स्क्रू, हात ठेवायच्या खाचेत टोपणाखाली एक, कोपऱ्यातल्या आरशाच्या तिकोनी झाकणामागे एक. मग खालच्या कडेपासून प्लास्टिकची पट्टी घालून क्लिपा सोडवत वर. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर पॅडच्या पुठ्ठ्यातली क्लिपेची बैठक फाटते आणि पुढे ते दार आयुष्यभर खडखडतं. थंडीत प्लास्टिक कडक असतं, तेव्हा आधी गाडी थोडा वेळ उन्हात ठेवावी. ज्या गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असतो तिथे आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं आणि त्याच्या कपलरला (वायरींच्या जोडणीला) हात लावायचा नाही. या गाडीत तो नाही.

पॅडमागचा प्लास्टिकचा कागद बुटाइलच्या काळ्या चिकट दोरीवर बसलेला असतो. तो फाडायचा नाही. ब्लेडने चिकट दोरी मधोमध कापत गेलं की अर्धी दारावर, अर्धी कागदावर राहते आणि नंतर दाबून परत चिकटते. त्या दोरीला बोट लागलं की दिवसभर सगळ्याला लागतं, म्हणून हातमोजे.

मोजमाप करंट वाहत असतानाच घ्यायचं. बटण न दाबता मोटरच्या कपलरवर काही मोजण्यात अर्थ नाही. कपलर काढून, बटण दाबून मोजलं तर मल्टीमीटर पूर्ण १४ व्होल्ट दाखवतो आणि 'सप्लाय बरोबर आहे, म्हणजे मोटर गेली' असा निष्कर्ष निघतो. मीटर काही मायक्रोअँपिअरच घेतो, त्याला खराब जोडातूनही पूर्ण व्होल्टेज मिळतं. मोटरला सात अँपिअर लागतात, तेव्हा जोडाची लायकी कळते.

म्हणून कपलर लावलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, वायरीलगत शिंप्याची बारीक टाचणी सरकवली आणि टाचणीला मीटरची क्लिप लावली. वायरीचं आवरण टोचायचं नाही, त्या भोकातून पाणी शिरतं. करंटसाठी डीसी क्लॅम्प मीटर. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्यावं. साध्या मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून हे मोजायला जाऊ नये. वायरिंग चांगलं असेल तर काच वर टेकली की करंट त्याच्या पुढे उडी मारतो आणि मीटरचा फ्यूज जाऊ शकतो.

इंजिन चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट. डाव्या बटणाने काच वर नेताना ७ अँपिअर, आणि मोटरच्या दोन टोकांत फक्त ८.१ व्होल्ट. वाटेत ६ व्होल्ट गायब. डाव्या बटणाने खाली नेताना ४.५ अँपिअर आणि १२.४ व्होल्ट.

सहा व्होल्ट कुठे गेले ते तुकड्या-तुकड्याने शोधलं. मीटरची एक वायर लांब करावी लागते, तीन-चार मीटरची साधी वायर आणि दोन्ही टोकांना मगरक्लिप पुरते. सगळी मोजमापं काच वर चढत असताना, म्हणजे ७ अँपिअर वाहत असताना:

बॅटरी पॉझिटिव्ह ते मोटरचं पॉझिटिव्ह टोक: १.४ व्होल्ट
मोटरचं दुसरं टोक ते डाव्या स्विचचा पाच नंबर: ०.२
डाव्या स्विचचा पाच नंबर ते मुख्य स्विचचा पाच नंबर: ३.५
मुख्य स्विचचा पाच नंबर ते बॅटरी निगेटिव्ह: ०.९

पहिला आकडा थोडा चढा आहे, पण फ्यूज, रिले, तीन कपलर आणि लांब वायर धरून चालण्यासारखा. शेवटचा जास्त आहे, मुख्य स्विच उघडावा लागणार. पण खरा चोर तिसरा. नुसत्या वायरीवर साडेतीन व्होल्ट म्हणजे अर्धा ओहम. दोन चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे नऊ मिलिओहम रोध असतो. या अंतराला पाव व्होल्ट पुरे होता.

हाच अर्धा ओहम मीटरच्या ओहम रेंजवर शोधायला गेलं तर हाती लागत नाही. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तर ०.३ दाखवतात, ही वायर ०.८ दाखवते, आणि कंटिन्युइटीचा बीप तर दोन्हीकडे सारखाच वाजतो.

काच थांबते का, तेही इथेच सुटतं. काच अडवून धरली तर डावीकडे करंट ८.६ अँपिअरच्या वर जात नाही, उजवीकडे तो १४ पर्यंत जातो. मोटरचा जोर करंटच्या प्रमाणात असतो. जिथे काचेला नऊ अँपिअरचा जोर लागतो तिथे डावी मोटर अडणारच, कारण तिला नऊ मिळूच शकत नाहीत. फ्यूज का उडत नाही याचंही उत्तर तेच.

१२ जून, बुधवार

दार आणि खांब यांच्यामधला रबरी गेटर (वायरींवरची घडीदार नळी) दाराच्या बाजूने सोडवून मागे सरकवला. आत आठ वायरी: काचेच्या, सेंट्रल लॉकच्या, स्पीकरच्या. गेटरच्या खालच्या घडीत पाणी साठलेलं.

वायर तपासायची सोपी रीत: दोन्ही हातांच्या चिमटीत पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा धरून हलकं ताणायचं. आत तांबं शाबूत असेल तर वायर ताठ राहते. तुटलं असेल तर तेवढंच आवरण रबरासारखं लांबतं. पाच नंबरची, म्हणजे काळ्या रेघेची पिवळी वायर लांबली. वरून आवरणाला एक केसाएवढी चीर, बाकी काही नाही. चीर उघडली तर आत तांब्याच्या जागी हिरवट भुकटी आणि दोन बोथट टोकं एकमेकांना नुसती टेकलेली.

'थोडे तंतू तुटल्यामुळे व्होल्टेज पडतं' असं सर्रास म्हटलं जातं, ते गणितात बसत नाही. ०.३ मिलिमीटरचे तीनच तंतू शिल्लक असले आणि पाच मिलिमीटर अंतरात तेवढेच करंट वाहत असले, तरी तिथला रोध अर्धा मिलिओहमही होत नाही. तीन तंतूंवर ही काच मजेत चालली असती. अर्धा ओहम दिसतो तेव्हा एकही तंतू सलग उरलेला नसतो. गंजलेली टोकं आवरणाच्या दाबाने एकमेकांना चिकटून असतात आणि करंट त्या गंजातून वाट काढतो. म्हणूनच दार अर्धं उघडलं की टोकं जास्त दाबली जातात आणि काच चालते, आणि पावसात गंज भिजून फुगला की रुसते.

बाकीच्या वायरी ताणून पाहिल्या. एक नंबर चांगली. चार नंबरचं आवरण चिरलेलं, तांबं अजून चकचकीत. तीही बदलायची. एकाच घडीत, तितक्याच वेळा वाकलेली वायर आहे, तिचा नंबर लागणारच होता. लॉकच्या आणि स्पीकरच्या ठीक.

१५ जून, शनिवार

सामान: २ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर दोन रंगांत दीड-दीड मीटर, तेवढ्याच मापाच्या क्रिंपच्या (दाबून जोड द्यायच्या) तांब्याच्या नळ्या आठ (चार लागतात, बाकीच्या सरावाला), आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, हार्नेसवर गुंडाळायची कापडी टेप. पुण्यात वायर, स्लीव्ह, नळ्या बुधवार पेठेत आणि पॅडच्या क्लिपा नाना पेठेत मिळतात. क्लिपा नेताना जुनी सोबत न्यावी. दिसायला सारख्या वाटणाऱ्या क्लिपांची मान एक मिलिमीटरने कमी-जास्त असते.

घरच्या वायरिंगची उरलेली वायर इथे चालवू नये. तिचे तंतू मोजके आणि जाड असतात, भिंतीत पडून राहायला ठीक. बिजागरीपाशी बारीक आणि पुष्कळ तंतूंचीच वायर टिकते.

जोड गेटरमध्ये द्यायचाच नाही, मग तो क्रिंप असो की सोल्डर. सोल्डर तंतूंमधून चढत जातो, वायर तेवढी काडीसारखी ताठ होते आणि काडी संपते तिथेच पुन्हा मोडते. जागच्या जागी डाग देऊन टेप गुंडाळली की काम पंधरा मिनिटांत होतं आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार परत येते. म्हणून वायर दोन्हीकडे लांबवर कापली: एक टोक दाराच्या आत गेटरपासून १५ सेंटिमीटरवर, दुसरं डॅशच्या खाली, पायाजवळच्या बाजूच्या झाकणामागे. मधला सगळा तुकडा नवा, वाकण्याच्या जागी एकही जोड नाही.

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. नवी वायर ओढायला जुनीचाच उपयोग: जुनीच्या टोकाला नवी टोकाला टोक लावून टेपने निमुळती बांधायची, गेटरमध्ये साबणाचं पाणी सोडायचं आणि दुसरीकडून जुनी ओढायची. पण इथे जुनी मधेच तुटलेली. पाच नंबर ओढायला गेलं तर आवरण लांबून हातात आलं. त्यामुळे आधी चार नंबरच्या मागे दोन्ही नव्या वायरी बांधून एकदमच ओढल्या.

लांबी मोजताना दार पूर्ण उघडं ठेवायचं आणि शेजारच्या वायरींइतकीच ढील ठेवायची. आखूड पडली तर प्रत्येक वेळी तीच ताणली जाईल, जास्त झाली तर गेटरमध्ये घडी पडून तिथे मोडेल. क्रिंप करण्याआधी स्लीव्ह वायरीत ओवून ठेवायची, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहिलं. क्रिंप झाल्यावर दोन्हीकडून जोरात ओढून पाहिलं. स्लीव्ह हीट गनने तापवली, कडेने गोंद बाहेर आला म्हणजे पाणीबंद झाली. गेटरची ओठासारखी कड पत्र्याच्या भोकात सगळीकडून बसली ना, ते बोट फिरवून पाहिलं. एवढं चुकलं तर बाकीची मेहनत पाण्यात.

मोजमाप: पाच नंबरच्या वायरीवर आता ०.२५ व्होल्ट. काच वर जाताना मोटरवर ११.३ व्होल्ट, वेळ ५.७ सेकंद, कुठेही न थांबता. करंट मात्र ७ अँपिअरच. वायर सुधारून करंट बदलणार नव्हताच, तो काचेच्या घर्षणावर ठरतो. उजवी काच ५ अँपिअरमध्ये चढते, म्हणजे डावी कुठेतरी घासते आहे.

१६ जून, रविवार

घर्षण मोटरचं, रेग्युलेटरचं की रबराचं, हे काच वेगळी केल्याशिवाय कळत नाही. काच अशा उंचीवर आणली, की धारकाचे दोन्ही १० नंबरचे बोल्ट दाराच्या पत्र्यातल्या खिडक्यांतून दिसतील. बोल्टांभोवती मार्करने रेघ मारली. काचेवरून दाराच्या चौकटीवरून पलीकडे अशा रुंद कापडी टेपच्या दोन पट्ट्या ओढून काच टांगली आणि मग बोल्ट ढिले केले. ही काच टफन केलेली असते. सपाट भागावर बुक्की सोसते, पण कडेला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं तर दारभर भुगा.

रेग्युलेटर रिकामा फिरवला: २.३ अँपिअर, वर-खाली सारखाच, आवाज एकसुरी. मोटर निर्दोष. पुल्यांच्या खाचांत केबलने थोडी वाट पाडली आहे, पण केबलचा एकही तंतू सुटलेला नाही. सुटलेले तंतू दिसले असते तर रेग्युलेटर लगेच बदलायला हवा होता, कारण ते ड्रमवर गुंता करतात आणि मग काच दारात कोसळते. मधल्या पट्टीवर पांढरं लिथियम ग्रीस, अगदी पातळ.

आता काच हाताने वर-खाली करून पाहिली. पुढच्या चॅनलमध्ये (काचेची कड सरकते त्या रबरी खाचेत) मोकळी, मागच्यात चिकटत होती. मागच्या चॅनलचं रबर बाहेर ओढलं तर आत काळा लगदा: धूळ आणि तेल. कधीतरी कुणीतरी काच जड जाते म्हणून तेल किंवा सगळ्यावर चालणारा स्प्रे मारलेला. तेलाने आठवडाभर काच छान चालते. मग त्यावर धूळ बसते आणि त्या वेळात खनिज तेल पिऊन रबर फुगतं, खाच अरुंद होते. शिवाय मागच्या वरच्या कोपऱ्यात रबर बैठकीतून निसटून आत आलेलं. काच पाऊण वाटेवर नेमकी तिथेच अडत होती.

साफसफाई: गाडीच्या शाम्पूचं पाणी, आइस्क्रीमच्या काडीवर गुंडाळलेलं सुती फडकं, फडकं काळं येईनासं होईपर्यंत. पेट्रोल किंवा थिनर लावायचं नाही, आतली मखमली लव गळून येते. रबर रात्रभर वाळू दिलं, कोपरा बैठकीत दाबून बसवला आणि सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन खाचेत फिरवला. थेट फवारू नये. समोरच्या काचेवर गेला तर पावसात वायपरचे फराटे उठतात आणि लवकर निघत नाहीत.

काच परत धारकात, बोल्ट रेघेवर, हाताने बसतील इतपत. काच एकदा पूर्ण वर नेऊन चौकटीत आपसूक बसू दिली, परत खाली आणून बोल्ट आवळले, तेही नुसत्या मनगटाच्या जोराने. रॅचेटच्या दांड्यावर ताकद लावली तर धारकाचं प्लास्टिक चिरतं.

आता वर जाताना ५.२ अँपिअर, मोटरवर १२ व्होल्ट, ४.३ सेकंद.

दाराच्या तळाची पाणी निचरायची तिन्ही भोकं चिखलाने बुजलेली. प्लास्टिकच्या केबल टायने मोकळी केली. तार घालू नये, रंग खरवडला की तिथून पत्रा सडतो.

२२ जून, शनिवार

मुख्य स्विच. उजव्या दाराच्या हात ठेवायच्या पट्टीतून वर उचकटून येतो. उघडायचा तर पारदर्शक पिशवीत हात घालून. आतल्या स्प्रिंगा आणि पिन कुठे उडतात ते सापडत नाही. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो.

आत प्रत्येक काचेसाठी सी-सॉसारख्या डुलणाऱ्या तांब्याच्या दोन पात्या, दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा दिलेले ठिपके. डाव्या काचेच्या पातीचा अर्थकडचा ठिपका काळा, मधोमध खड्डा. कारण बहुधा हे: काच टेकल्यावरही बटण दाबून धरायची सवय. तेव्हा मोटर पूर्ण अडलेली असते, करंट सगळ्यात जास्त, आणि बटण सोडताना तोच करंट तोडताना ठिणगी पडते. शिवाय बटण सोडल्यावर मोटरची दोन्ही टोकं अर्थवर येऊन एकमेकांना जोडली जातात, त्या ब्रेकचा झटकाही हाच ठिपका सोसतो.

कॉन्टॅक्ट क्लीनर, मग कडक पुठ्ठ्याची पट्टी ठिपक्यांमध्ये धरून ओढणं, फारच काळं होतं तिथे १००० नंबरच्या पॉलिश पेपरचे दोन-तीन हलके हात. कानस लावली तर चांदी जाते आणि उघडं तांबं महिन्याभरात काळं पडतं. वाळलेलं जुनं ग्रीस पुसून फक्त डुलण्याच्या जागी नवं, ठिपक्यांवर नाही.

मुख्य स्विचचा पाच नंबर ते बॅटरी निगेटिव्ह: ५.२ अँपिअरला साफ करण्याआधी ०.६७ व्होल्ट, नंतर ०.१६. काच वर ४ सेकंद, मोटरवर १२.५ व्होल्ट. उजवीपेक्षा ०.२ सेकंद मागे. त्यामागे लागण्यात अर्थ नाही.

खड्डा पडलेला ठिपका पुन्हा काळा होणार. मुलामा एकदा गेला की गेला. पुढच्या वेळी स्विच नवाच.

२३ जून, रविवार

दाराचा कागद जुन्याच चिकट दोरीवर, हेअर ड्रायरने कोमट करून दाबून बसवला. खालची कड दाराच्या पत्र्यातल्या खाचेत आत वळलेली हवी, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी दारातच पडतं आणि भोकांतून जातं. हा कागद अनेक ठिकाणी फाडून फेकून देतात, आणि पावसात पायाखालचं कार्पेट का भिजतं याचा शोध मग वेगळाच चालू राहतो. ज्या गाड्यांत दारातला हवेचा दाब मोजून साइड एअरबॅग उघडते, तिथे तर हा पडदा सुरक्षेचा भाग आहे. दार हवाबंद राहिलं नाही तर सेन्सरला धडक नीट कळत नाही.

क्लिपा तीन नव्या. पॅड वरून अडकवून मग खाली थापट्या. बंद करण्याआधी लॉक, स्पीकर, आतलं हँडल तिन्ही तपासले.

पाण्याची परीक्षा: काच बंद ठेवून बाहेरच्या पट्टीवर पाइपने दहा मिनिटं पाणी. तिन्ही भोकांतून सारखी धार, कागदाच्या आतल्या बाजूला बोट कोरडं.

सावधगिरीची एक बाब. ऑटो-अप असलेल्या काचांना अडथळा लागला की उलटं फिरावं लागतं. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस ११८ आणि युरोपात चालणारा आर२१ या दोन्ही नियमांत त्यासाठी दाबाची मर्यादा १०० न्यूटन आहे. या गाडीत तशी सोय नाही, बटण दाबलेलं आहे तोवर काच दाबत राहते. दुरुस्तीआधी डावी काच हाताने अडत होती, आता अडत नाही. मागे लहान मूल असेल तर चालकाकडचं विंडो लॉक दाबूनच ठेवायचं. काच किती दाबते हे पाहायचं असेल तर गुंडाळलेलं वर्तमानपत्र घालावं, हात नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

मधल्या पावसानंतर फेरतपासणी. डावी काच वर ४.१ सेकंद, ५.३ अँपिअर. गेटर उघडून पाहिला, आत कोरडा. पाच नंबरच्या वायरीवर ०.२५ व्होल्टच्या आत.

बाकी तीन दारांच्या गेटरमधल्या वायरी ताणून पाहिल्या. सगळ्यात जास्त उघडणारं दार चालकाचं, आणि तिथल्या गेटरमधून बाकी तिन्ही काचांच्या वायरी जातात. त्यातल्या मागच्या डाव्या काचेच्या एका वायरीचं आवरण चिरलं आहे, तांबं शाबूत. वायर याच मापाची, सामान शिल्लक आहे. फक्त उजवीकडे डॅशखालचं टोक क्लच पेडलच्या वर अडचणीत येतं, तेव्हा तिथला जोड फ्यूजबॉक्सच्या बाजूने काढायचा.